नमुना

मुस्तालाहतीला मी एका फोटोसाठी गेलो.
वार्षिक अहवाल, पान चौदा: ‘आमची जबाबदारी’.
मजकूर तयार होता, हेलसिंकीत तिसऱ्या मजल्यावर
एक कॉफी गार होईस्तोवर लिहिलेला.
फक्त तळं हवं होतं.

फेब्रुवारीत या, मिलचा मॅनेजर म्हणाला होता.
फेब्रुवारीत तळं नसतंच.
पांढरं, सपाट, कोरं काहीतरी असतं
आणि त्यावर कुणाच्या तरी स्कीच्या दोन रेघा,
बेरजेखाली ओढतात तशा.
फोटो सुरेख आला.

आता आलाच आहात तर आउनेबाईंना भेटा, तो म्हणाला,
एकतीस वर्षं आमच्या प्रयोगशाळेत होत्या.
दोन ओळी मिळतील तुम्हाला.
मग आवाज उतरवून:
नमुना आहे जरा.

तिनं राईचा पाव कापला, वर मासा ठेवला.
तळ्यातला? मी विचारलं.
दुकानातला, ती म्हणाली. नॉर्वेचा.
आणि मला खाताना बघत राहिली.

मिलनं खूप केलं, हे तिनंच सांगितलं.
शाळेला ऊब मिलची, बँडची पितळी वाद्यं मिलची,
नवऱ्याच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया मिलची.
पोहायला तलाव बांधून दिला, झाकलेला, गरम पाण्याचा.
तळ्याकाठच्या गावाला
पोहायला तलाव.
उद्घाटनाला सगळे होते. हसलं कुणी नाही.

मग तळघर.
वरच्या फळीवर लिंगनबेरीचा मुरंबा.
खाली तशाच बरण्या, तसेच चिकटवलेले कागद,
आत पाणी.
निवृत्तीनंतरचं प्रत्येक वर्ष, सप्टेंबरचा पहिला सोमवार.
चहाच्या रंगाची, मग फिक्या चहाच्या,
आणि तळाशी बोटभर काहीतरी
जे हलवलं की उठतं
आणि बसायला फार वेळ घेतं.

जागा: पाइपाच्या खाली, चाळीस पावलं.
हे प्रत्येक कागदावर, एकाच अक्षरात.

नोकरीत असताना वरून घ्यायचे, ती म्हणाली.
पाइपाच्या वरून. होडी वल्हवत जायचे,
वारा समोरून असला तर तासभर.
पाणी स्वच्छ. आकडे स्वच्छ.
एक आकडा खोटा लिहिला नाही मी.
वरून घ्या असं कोण म्हणालं?
म्हणालं कुणी नाही.
सांगण्यात आलं.

तिच्या घराच्या छपराकडे बघायचं मी टाळलं,
ती मात्र बघत होती.

परतीच्या बसमध्ये मी माझंच पान चौदा काढलं.
काळजी घेण्यात येते.
उपाय योजण्यात आले आहेत.
स्थानिकांच्या भावनांची नोंद घेण्यात आली असून.
चार परिच्छेद. खालून वर वाचले, वरून खाली वाचले,
कर्ता सापडला नाही.
एवढी वर्षं कुठेतरी पाणी मुरतंय म्हणत होते लोक.
ते इथे मुरत होतं,
माझ्या क्रियापदांत.

एका वाक्याआधी ‘आम्ही’ लिहून पाहिलं.
वाक्य लगेच जड झालं, पुढे सरकेना.
‘मी’ लिहिलं.
तांपेरे येईपर्यंत ते तसंच होतं.
मग बॅटरी संपली म्हणा.

अहवाल मार्चमध्ये निघाला. कागद जाड, मऊ, आपल्याच मिलचा.
पान चौदावरचं बर्फ
छापलेलं नाहीच,
शाई न लावता सोडलेला कागद आहे तो.

तिनं एक बरणी दिली होती.
ती माझ्या टेबलावर आहे, पेनांच्या शेजारी.
सहकाऱ्यांना वाटतं, चहा विसरलाय.
कागदावर तारीख आहे, वेळ आहे, जागा आहे,
नमुना कुणी घेतला: आउने केत्तुकांगास.
त्याखाली तिनं पट्टीनं आखलेली आणखी एक रेघ,
नमुना कुणाकडे दिला.

सही करून पाठव, ती दारात म्हणाली होती,
आणि बरणी परत कर.
ऑगस्टात बेरी येतात,
बरण्या कमी पडतात मला.

आज ऑगस्टची अकरा.